मठार

रात्री नवानंतर भांडं मठारायचे मला दोन आणे मिळत.
त्यांना भांडं नको होतं, आवाज हवा होता.
तांबट आळीत हातोडी कोणी ऐकत नाही,
गंगेकाठचा माणूस जशी गंगा ऐकत नाही.

माडीवर मंडळ भरे.
पाटीवर 'व्यायाम मंडळ', आत मुद्गलांची एक जोडी,
मुद्गलांवर धूळ,
आणि आठ माणसांची अकरा मतं.
मी खाली जिन्याच्या तोंडाशी
खरवईवर घंगाळ पालथं घालून.
दोन ठोक्यांच्या मधे मावेल तेवढंच कानावर यायचं:

तारा तोडून काय होणार
ठक्
आधी रेशनच्या दुकानावर
ठक्
पण गांगुर्डेला पाणी कुठल्या तांब्यातून

इथे माझा हात थांबला.
वरून कोणीतरी टाच आपटली.
ठक् ठक् ठक्.

यादव गांगुर्डे देवळालीच्या छावणीत हमाल.
गोऱ्यांनी टाकलेल्या वर्तमानपत्रात भाकरी बांधून आणायचा,
भाकरी संपली की ते कागद वर वाचले जात.
बसायचा चौथ्या पायरीवर.
तिथे बस असं कोणी म्हटलं नव्हतं,
वर ये असंही नाही.
एकदा समतेवर तीन तास बोलून झाल्यावर
म्युनिसिपल शाळेच्या कोठावळेबाई उठल्या
आणि त्याच्या पायरीवर येऊन टेकल्या.
मग एकेक जण खाली सरकला.
श्रावणापासून सभा जिन्यातच भरू लागली.
मला हातोडी जरा हळू मारावी लागे.

फक्त क्षेमकल्याणी बोलायला लागला की जड हातोडी.
नोटांच्या छापखान्यातला, नखांत शाई,
दिवसभर राजाची डोकी मोजायचा
आणि रात्री म्हणायचा, एकच पुरे.

यादी कुठे लपवायची यावर दोन रात्री भांडण.
शेवटी केशव गायधनी, उपाध्यायाचा मुलगा, म्हणाला,
आमच्या वहीत. यजमानांच्या.
लाल बासनातल्या त्या लांबट वहीत
त्याने एक गाव वसवलं, कुठल्याच नकाशात नसलेलं,
एक बाप लिहिला,
आणि त्याच्या पोटी आठही जण घातले.
यादव थोरला. कोठावळेबाई त्याच्या पाठची.
हुसेन तांबोळीचा हुसन्या झाला.
चालेल, तो म्हणाला, आई तेच म्हणते.

भाद्रपदात झडती आली.
फौजदाराने ते पान उघडलं,
केवढं कुटुंब, म्हणाला,
आणि अर्धा तास स्वतःच्या पणज्याचं नाव शोधत बसला.
तरी उचलले.
आठातले सात, ज्याच्या त्याच्या घरून, दारं न चुकता.

मला विचारलं, काय ऐकलंस?
म्हटलं, साहेब, तांबटाला काय ऐकू येतं?
तेव्हा ते अर्धं खोटं होतं.
आता डावा कान पुरता गेलाय.

छप्पन्न साली हिच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो.
गायधनीने आमचं पान लिहून घेतलं,
वाळू टाकून शाई सुकवली
आणि मी न विचारता दुसरं पान काढलं.
तेच गाव. तोच बाप.
क्षेमकल्याणीपुढे बारीक अक्षरात:
मयत, शके अठराशे चौसष्ट, भाद्रपद. निपुत्रिक.

मी म्हटलं, अरे, परवा तर बंब नेला त्याने माझ्याकडून.
घासाघीसही केली नाही.
गायधनी काही बोलला नाही, बोट खाली सरकवलं.
नववी ओळ होती.
नाव नाही. नुसतं: धाकटा. ऐकतो.

आठवडाभराने क्षेमकल्याणी दुकानात आला.
केस पिकलेले, नखं स्वच्छ.
बंब गळतोय, म्हणाला, बुडाशी.
दोघंही बराच वेळ त्या बुडाकडे बघत राहिलो.
मग मी भाता ओढला,
डाग दिला,
आणि दोन आणे घेतले.