टेनफूटवरचा दिवा

सकाळी सातच्या आधी, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
वेन्डी ब्लेन्किन पेन्सिलींना सुतळी बांधते.
चार आडोसे, चार पेन्सिली, प्रत्येकीला हातभर सुतळी, घट्ट गाठ.
लोक मत देतात आणि पेन्सिल खिशात घालतात,
हा तिचा एकोणीस वर्षांचा अनुभव.

पियानो भिंतीकडे तोंड करून, बाळगोपाळांच्या घसरगुंडीवर चादर.
पहिल्या मतदाराला पेटी उघडून दाखवली:
बघा, आत काही नाही.
त्यानं वाकून पाहिलं. त्याच्या कुत्र्यानंही.

इथे बोटाला शाई लावत नाहीत.
नाव विचारतात, पत्ता विचारतात, आता चेहऱ्याचा पुरावाही मागतात,
आणि यादीतल्या नावावर फूटपट्टी धरून
सरळ रेघ ओढतात.
खोडलेलं नाव म्हणजे आलेलं माणूस.
सुरुवातीला वेन्डीला हे उलटं वाटायचं.

दुपारपर्यंत एकशे सहा रेघा.
दाराबाहेर दोन खुर्च्या, लाल फितीची बाई, पिवळ्या फितीचा म्हातारा,
दोघांत एकच थर्मास.
बोलणं तपकिरी डब्याचं, तो कधी उचलतात याचं,
आणि बुधवारी बंद राहणाऱ्या वाचनालयाचं.
हंबर नदीवरून येणारा वारा
उमेदवारांची पत्रकं कुंपणाला चिकटवून जातो.

साडेचारला सिरिल स्टॅदर्स आले.
वय शहाऐंशी. उजव्या हाताला तीन बोटं,
उरलेली दोन आइसलंडच्या समुद्रात, ट्रॉलरच्या दोरानं नेली.
"ओळखपत्र?"
वेन्डीनंच विचारलं. त्याच गल्लीतल्या वेन्डीनं,
जिच्या आईच्या शवपेटीला या माणसानं खांदा दिला होता.
"मी कोण ते तुला माहीत नाही होय, पोरी?"
"मला माहीत आहे, सिरिल. कागदाला माहीत नाही."

ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले,
कोणी नवखा खलाशी चुकीची गाठ मारताना बघावं तसे.
मग टोपी घातली.
वेन्डीनं वेगळ्या तक्त्यावर एक नोंद केली: परत पाठवले, एक.

टेनफूट म्हणतात या शहरात घरांमागच्या बोळाला,
दहा फूट रुंद, म्हणून.
सिरिलच्या टेनफूटवरचा दिवा चौदा महिने मेलेला.
त्यांनी काउन्सिलला तीन पत्रं लिहिली, शाईपेनानं.
तिन्हींना उत्तर एकच: आपली तक्रार नोंदवली आहे.
चौदा महिन्यांत ते दोनदा पडले. हे पत्रात नव्हतं.

रात्री दहाला बारा मिनिटं कमी.
दारात आधी टॉर्चचा उजेड आला, मागून सिरिल,
हातात बसचा पास.
पासवरचा माणूस हसत होता.
वेन्डीनं फूटपट्टी ठेवली. रेघ ओढताना
हात एवढा जपून तिनं दिवसभर चालवला नव्हता.

चौथ्या आडोशात ते फार वेळ थांबले.
तीन बोटांना वेळ लागतोच, तिला वाटलं.

दहा वाजता दार बंद. तिनं सामान मोजलं:
पेन्सिली तीन.
चौथ्या आडोशात सुतळी नुसती लोंबत होती,
कापलेली नव्हे,
सोडवलेली.

पुढचं सगळं बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, पहाटेपर्यंत.
रबरबँड, गठ्ठे, जांभया.
एका मतपत्रिकेवर कोणीतरी मासा काढला होता, खवल्यांसकट;
त्याचं तोंड कोणत्या नावाकडे आहे यावर दहा मिनिटं वाद,
मग बाद.
शंभरातली एकवीस माणसं आली होती.
गाडी शिकवणारी एक बाई दोनशे नऊ मतांनी जिंकली,
तिनं आईचे आभार मानले आणि बूट काढले.
दोनशे नऊ. म्हणजे सिरिल घरी थांबले असते
तरी काही बिघडलं नसतं.
वेन्डीनं हा हिशेब केला आणि तिला स्वतःचाच राग आला.

सामान परत करायच्या फॉर्मवर एक रकाना असतो.
तिथे तिनं लिहिलं, पेन्सिली: चार.

जूनमध्ये काउन्सिलला चौथं पत्र आलं म्हणतात.
अक्षर जाड, ठळक,
शिसपेन्सिलीचं.