सुकती

वेसाव्याच्या शब्दांची यादी आम्ही आधी विकीवर करत होतो.
तिथे एका वेळी एकानंच आत जायचं,
चाळीतल्या मोरीसारखं.
दोघं एकदम शिरले तर मागच्याच्या नाकावर दार आपटायचं.
बाहेर येताना 'जतन करा' म्हणायचं
आणि कारण लिहायचं:
शिंगटी आणि शिंगाळा वेगळे केले.
ऱ्हस्व-दीर्घ.
फिलोमिना, पुन्हा काढू नकोस.

फिलोमिनानं पुन्हा काढलं.
हरेश्वरनं पुन्हा घातलं.
चर्चेच्या पानावर दोघांचं भांडण अजून आहे, तारीखवार.
नवी पोरं वाचतात आणि हसतात,
पण शब्द शेवटी कसा ठरला ते त्यांना कळतं.
सोसायटीच्या मिनिटबुकात
मेलेला सेक्रेटरीसुद्धा अजून सूचक असतो,
तसंच काहीसं.

मग कुणीतरी म्हणालं, किती हळू चाललंय,
मार्चमध्ये छपाईला द्यायचंय.
म्हणून सगळेच एका डॉक्युमेंटात उतरलो:
मी चेंबूरहून, फिलोमिना गोराईहून,
तांडेल मास्तर दुपारच्या झोपेतून,
हरेश्वर केईएममधून, आईच्या खाटेशेजारून.
चार रंगांचे चार कर्सर.
मी जवळ्याची ओळ सुरू करावी
तर तिचं दुसरं टोक आधीच कुणी धरलेलं.
कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांसारखे आम्ही,
एक पाटी, आठ हात,
आणि कुणी किती सोललं
ते टरफलं सांगत नाहीत.

मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू?
माणूस शब्दाशी अडतो ते दिसायचं.
तांडेल मास्तर कीबोर्डवर 'ळ' शोधत,
तेवढा वेळ त्यांची जांभळी रेघ नुसती श्वास घेई.
फिलोमिना एक वाक्य तीनदा लिही
आणि शेवटी पहिलंच ठेवी.
विकीवर हे कधी दिसलं नव्हतं.
तिथे सगळे आंघोळ करून, भांग पाडूनच येतात.

त्या रात्री पानावर दोघंच,
मी आणि हरेश्वरची केशरी रेघ.
ती 'सुकती'च्या नोंदीपाशी उभी होती.
'सुकती: ओहोटी.' एवढंच होतं तिथे.
त्यापुढे तो लिहू लागला:
आय सांगते, सुकती सरली पण भरती फिरली नाही,
त्या मधल्या पाण्याला आम्ही
पुढे एक शब्द उमटला. आखूड. शेवटी 'ल' असावा.
मी तेव्हा दुधाखालचा गॅस बंद करायला उठले होते.
परत आले तर रेघ मागे मागे सरकत होती,
शब्द खात, वाक्य खात,
पार 'ओहोटी'च्या पूर्णविरामापर्यंत.
मी खाली टाईप केलं: अरे, पुसतोस का?
रेघ थोडी थांबली.
मग कोपऱ्यातलं केशरी वर्तुळ गेलं.

आई पहाटे गेली.
महिन्याभरानं वेसाव्याच्या बंदरावर त्याला विचारलं.
म्हणाला, झोपेत बोलत होती ती.
बरोबर ऐकलं की नाही, कोण जाणे.
चुकीचा शब्द तिच्या नावावर नको, म्हणून पुसला.
मग जाळ्याची एक गाठ त्यानं उगाच सोडवली
आणि म्हणाला,
आता मलाही आठवत नाय.

डॉक्युमेंटालाही इतिहास असतो. मी शोधला.
अकरा बेचाळीसची प्रत आहे.
अकरा एकावन्नची आहे.
दोन्हींत, सुकती: ओहोटी.
मधल्या नऊ मिनिटांना आवृत्ती नाही.

मार्चमध्ये पुस्तक गेलं नाही, ते सोडा.
मी विकीवर 'सुकती'चं जुनं पान उघडलं,
नोंदीखाली एक ओळ मोकळी ठेवली
आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं:
इथे एक शब्द होता. मी पाहिला. वाचला नाही.
जतन केलं.

दुसऱ्या दिवशी फिलोमिनानं ती ओळ काढली.
कारण: संदर्भ नाही.

दोन मिनिटांनी हरेश्वरनं परत घातली.
कारणाची चौकट
कोरी.