मेस्त्रीची फुटपट्टी

विक्रोळीत, चौथ्या मजल्यावर, एसीच्या थेट खाली
माझ्यासमोर पंपाचं एक पोट आहे.
राखाडी, सलग, उलट्या ठेवलेल्या शंखासारखं वळलेलं.
जाळी बसत नाही त्याच्यावर.
सॉफ्टवेअर तासभर विचार करतं, मग लाल ठिपक्यांनी दाखवतं
की इथे, इथे, आणि या कानाच्या मागे
मला जमणार नाही.

म्हणून मी काप घेते.
एक पातळ प्रतल माउसने ओढून आणते, आरपार सोडते.
आवाज नाही. भुसा पडत नाही.
एकाचे दोन, दोनाचे पाच,
संध्याकाळच्या चहापर्यंत तेवीस,
सॉलिड एक, सॉलिड दोन,
बँकेतल्या टोकनांसारखी नावं.

तेवीसच्या तेवीस तुकड्यांवर जाळी छान बसली,
गणिताच्या कोऱ्या वहीसारखी.
रात्री सॉल्व्हर लावून घरी गेले.
सकाळी पाहते तर नळीचं तोंड पडद्याबाहेर उडालेलं.
विस्थापन : चार किलोमीटर.
म्हणजे साधारण भांडुप.

तुकडे एकमेकांना टेकून होते, इतकंच.
मधून केसही गेला नसता,
पण इकडचा नोड तिकडच्या नोडला ओळखत नव्हता.
भार काठापर्यंत आला आणि उभा राहिला,
चुकीच्या विंगमध्ये पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यासारखा.

दिवेकर सर म्हणाले, मला ड्रॉइंगचाच संशय येतोय.
दारूखान्यात जा. ज्याने मूळ लाकडी पॅटर्न केला
तो मेस्त्री अजून आहे.

होता. रोहिदास चारी.
वय विचारलं तर म्हणाला, "रंधा धरवतो."
शेडच्या पोटमाळ्यावर, तोडलेल्या जहाजांच्या दारांमागे
तेच पोट, सागवानात, लाल रोगणातलं.
मी कॅलिपर लावला. साइटवरून आणलेल्या मापांपेक्षा
सगळंच मोठं. कुठे तीन मिलिमीटर, कुठे सहा.
"मेस्त्री, हे चुकलंय."

त्याने खणातून फुटपट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली.
दोन्हींवर मीटरच लिहिलेला.
त्याचा करंगळीच्या नखाएवढा लांब.
"बीड थंड होताना आकसतं, बाई.
मी ते आधीच धरून चालतो."
(आमचं ड्रॉइंग कोणीतरी या लाकडावरून काढलं होतं,
साध्या पट्टीने.)

मग डब्याचं झाकण काढावं तसा
त्याने पॅटर्न उघडला. दोन भाग. पुन्हा आडवा, चार.
प्रत्येक कापात पितळी खुंट्या,
एक काठाला, एक जरा आत, कशाही.
"अशा वाकड्या का?"
"सारख्या बसवल्या तर तुकडा उलटाही बसतो.
फाउंड्रीत रात्रपाळी असते, माणूस पेंगत असतो.
लाकडाला तरी आपली जागा कळायला हवी."

परत येऊन तेवीसही पुसले.
सगळं एक टक्का लहान केलं.
त्याने जिथे कापलं तिथेच कापलं, चार.
आणि या वेळी मधलं पृष्ठ समाईक ठेवलं,
एकच भिंत, दोन्ही शेजाऱ्यांच्या नावावर.
भार गेला. अलगद, नळीपासून पायापर्यंत,
निळा, हिरवा, कानामागे थोडा पिवळा.

शेवटी गिऱ्हाइकाला एकसंध भाग हवा होता.
जोडताना यंत्र विचारतं, मुख्य कोण?
त्याचं नाव राहतं. बाकीचे त्यात मुरतात,
यादीतून ओळीच्या ओळी नाहीशा होतात.
मी पहिल्या तुकड्यावर दोनदा क्लिक केलं,
टोकन पुसलं, लिहिलं : चारी.
मग ओके.

सोमवारी भोसरीहून मेल आली.
रिपोर्ट मिळाला, ताण मर्यादेत आहेत, आभारी आहोत.
फक्त, भागाचं नाव "चारी" आहे
आणि फाइलमध्ये एकच दिसतो.
उरलेले तीन कृपया लवकर पाठवावेत.