टायर ओढण्याचं काम

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात
पिस्तुलाचं काम पडत नाही.
पडतं ते तीन जुन्या टायरांचं,
एका साखळीचं
आणि पहाटे तीनला उठण्याचं.

"दहाच्या वर न्यायची नाही," हॅसेट म्हणाला.
तो शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतो,
सालं कागदी पेल्यात थुंकतो.
मी गाडी चालवते, मागे टायर
कुंपणालगतच्या कच्च्या रस्त्यावरून
कालचं सगळं पुसत येतात:
सशांची धावपळ, सापाची रेघ,
रात्रपाळीचे बूट.
डग्लसच्या पूर्वेला नऊ मैल.
आरशात धूळ, आणि धुळीखाली
इस्त्री फिरवल्यासारखी जमीन.

"पाटी कोरी केली," तो म्हणतो.
"आता संध्याकाळी येऊन वाचायची."

वाचायलाही त्यानंच शिकवलं.
ठसा नेहमी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवायचा.
कड धारदार, तर ताजा.
वरून किड्याची वाट गेलेली, तर रात्रीचा.
बुटांना गालिच्याचे तुकडे बांधतात,
तेव्हा ठसा नसतोच,
जमीन तेवढी नको इतकी गुळगुळीत दिसते.
आणि कुणी उलटं चाललं,
तर पाऊल आखूड पडतं,
माती टाचेकडे ओढली जाते.
माणूस तोंड फिरवतो गं, माती नाही फिरवत.

अकादमीत हे नव्हतं.
तिथे कायदा, धावणं, पुन्हा कायदा,
आणि स्पॅनिशचा तास.
सगळे घोकायचे: थांबा. बसा. हात दाखवा.
मला त्या परीक्षेतून सूट होती.
मागच्या बाकावर बसून
मी आमच्या घरातली भाषा
सहा महिने नुसती आज्ञार्थात ऐकली.

चौथ्या दिवशी साखळी निसटली.
मी उतरले, टॉर्च दातांत धरला,
मधला टायर उलटा केला.
आतल्या बाजूला पिवळ्या खडूनं लिहिलेलं: बाद.
खाली आकडा, सात,
पोटात आडवी दांडी असलेला.
आख्ख्या गावात असा सात
एकच माणूस काढतो.
पलीकडे, आग्वा प्रिएतात,
चौथीपर्यंत शिकलेला माणूस.

"काय झालं, व्हेलार्दे?"
"काही नाही. गाठ घट्ट होती."

बाबांच्या दुकानामागून
दर महिन्याला ठाण्याची गाडी बाद टायर फुकट नेते.
टाकायला जावं तर नगामागे तीन डॉलर पडतात.
एवढंच मला माहीत होतं. हिशेब सरळ होता.

मला नोकरी लागली तेव्हा
त्यांनी बोटांवर मोजलं: विमा, निवृत्तिवेतन, सुट्ट्या.
करंगळीवर थांबले.
म्हणाले, "बूट चांगले घे."

त्या रात्री मोरीपाशी
ते भुकटीच्या साबणानं हात घासत होते.
मी म्हटलं, तुमचे टायर कुठे जातात, ठाऊक आहे?
आईनं टीव्ही मोठा केला.
बाबांनी नखं घासली, एकेक, सावकाश,
मग नळाकडेच बघत म्हणाले,
"जड असेल तो मध्ये लाव.
हलका मध्ये असला की उडतो.
उडाला की हातभर पट्टा तसाच राहतो,
कोरडा, कडक.
त्यावर पाऊल उमटत नाही."

हे त्यांना कसं ठाऊक,
मी विचारलं नाही.
नोकरीच्या अर्जात एक रकाना होता:
आईवडील या देशात कधी आले, कसे आले.
कधी, ते मी लिहिलं होतं.
कसे, याला जागा जेमतेम बोटभर होती.

आज जड टायर मध्ये लावला.
रस्ता असा झाला की हॅसेटनं
पेला खाली ठेवून मागे वळून पाहिलं.
"कुणी शिकवलं?"
मी म्हटलं, अंदाजानं.

नियम असा, की नव्या माणसानं
साखळीपर्यंत गेलेली आपली पावलं
आपणच पुसून यायची.
मी टोपीनं पुसली,
वाकून, मागे मागे सरकत, गाडीपर्यंत.
हॅसेटनं टॉर्च जमिनीलगत तिरपा धरला,
जरा वेळ बघितलं,
आणि मी कुठे उभी राहिले,
कुठे रेंगाळले, कोणत्या टायरापाशी,
सगळं बरोबर सांगितलं.