पांढऱ्यावर काळं

केमीत नोव्हेंबरात तीनच्या आत अंधार पडतो.
सायकलवाल्याच्या दुकानावर एक खोली आहे,
तिथं दर गुरुवारी आमचा डाव:
सातू निळी, राउनो लाल,
मी हिरवी, मूड गेला तर काळी,
आणि ओइवा, गेली सहा वर्षं, पांढरा.

सहा वर्षं तोच पहिला बाद होतो.
मग उठून सगळ्यांसाठी कॉफी टाकतो,
आणि कप किती जोरात ठेवले यावरून कळतं
आज किती लवकर हरलाय ते.

निळ्यानं गड्डीतून हवी तितकी पानं ओढावीत.
लालानं जाळावं.
हिरव्याकडे अस्वलं, आणि त्या अस्वलांना खाणारी अस्वलं.
काळा तर आपलंच रक्त गहाण टाकून
काहीही विकत घेतो.
पांढऱ्याकडे काय?
शिस्त. मलमपट्टी.
भाले धरून ओळीत उभी बारकी माणसं,
राउनोच्या एका वणव्यात सगळी साफ.
छापणाऱ्यांनी त्याच्या ताटात कायम
भांड्याच्या तळाचं वाढलं.

म्हणून मीच बसले.
बाबांनी गिरणीतून आणलेला जाड कागद होता,
त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर कापला,
नेलकटरनं कोपरे गोल केले,
आणि आठवडाभर पांढऱ्यावर काळं करत राहिले.

पहिलं पान: हिमदूत.
खर्च तीन, ताकद सहा, उडतो, मरत नाही.
सातू खो खो हसली.
"हा कसला पांढरा?
हा चुना फासलेला हिरवा आहे."

दुसरं पान तीन पानं ओढायचं.
ते मी स्वतःच फाडलं.
उसनी ताकद अंगावर आली
की आधी रंगच उतरतो.

तिसऱ्यावर मी दोन रात्री घालवल्या.
*मागच्याचा वाटा:*
*समोरच्याची जमीन तुझ्याहून जास्त असेल,*
*तर एक जमीन शोध, एक पान उचल.*
न्याय्य. स्वस्त. अगदी पांढरं.
ओइवानं ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.
"मी मागे पडलो तरच हे चालणार," तो म्हणाला.
"म्हणजे मी मागे पडणार,
हे तू धरूनच चाललीस.
हे पान पांढऱ्यासाठी नाही गं,
माझ्यासाठी आहे."

खाली रस्त्यावर बर्फ खरवडणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरला,
माझ्या तोंडावरूनही फिरला असणार.

मग त्यानं माझी पेन्सिल घेतली.
ओइवा हिवाळाभर खाडीवर जातो,
गिरमिटानं भोकं पाडून
बर्फाची जाडी मोजतो. त्याचं कामच ते.
"पाच सेंटीमीटरवर माणूस उभा राहतो," तो म्हणाला,
"वीसच्या पुढं गाडीचा विचार.
मधल्या दिवसांत काही करायचं नसतं.
नुसतं मोजायचं."
आणि लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात:

*गोठण.*
*ज्या फेरीत तू हल्ला केला नाहीस,*
*त्या फेरीअखेर एक पान उचल.*

सातू बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "खर्च चार ठेव."
"दोन."
"चार, नाहीतर मी खेळत नाही."
तीनवर मिटलं. खोडरबरानं कागद जरा विरला तिथं.

पुढच्या गुरुवारी ते पान पहिल्यांदा टेबलावर आलं.
राउनोनं शिव्या घालत आठ फेऱ्या जाळपोळ केली
आणि स्वतःच आधी आटोपला.
शेवटी सातूच जिंकली, ते सोडा.
पण कॉफी राउनोनं केली,
पाणचट, साखर विसरून.
ओइवाच्या हातात तेव्हा अकरा पानं होती,
पंखा नीट धरता येईना,
एक सारखं निसटून मांडीवर पडत होतं.
इतक्या पानांची त्याच्या बोटांना सवय नव्हती.

कप त्याच्यापुढे तसाच निवत राहिला.
घ्यायला हात कुठं मोकळा होता.