डावा हात

पुस्तिका साडेतीन युरोची. आत बावीस आकडे
आणि एकच सूचना : बाणांच्या मागे जा.
बाण पितळेचे, फरशीत ठोकलेले,
प्रत्येकावर घुबड.
धन्य आहे तुमची, दिजाँकरांनो!
आमच्याकडे हे आढ्यावर येऊन बसलं
तर घरधन्याला झोप नाही.
तुम्ही त्याला वाटाड्या नेमलंत.

तीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी.
हद्दीचे दगड हुडकायचे, बाभळीत, चिखलात,
दोन्ही भावांच्या शिव्या खात.
खाली बघून चालणं अंगवळणी पडलेलं,
त्यामुळे पहिले सात थांबे माझ्या बुटांनीच पाहिले.
मग मान वर केली तर कौलं :
हिरवी, पिवळी, काळी, तिरप्या चौकटींची,
चर्चच्या पलीकडे कुणी गोधडी वाळत घातल्यासारखी.

आठव्यानंतर बाण संपले.
रस्ता उकरलेला. खड्ड्यात कमरेइतका एक पोरगा,
पाण्याचा पाइप, आणि काठावर बादली.
बादलीत चार बाण काढून ठेवलेले,
चार दिशांना तोंडं करून.
नऊ नंबर कुठे, विचारलं,
तर त्यानं बादलीकडेच बोट दाखवलं.

तेवढ्यात मादाम पेरनो.
चाकांच्या पिशवीतून लीकची जुडी डोकावतेय,
उजव्या हातात पिशवी, डावा कोटाच्या खिशात.
नुसत्या हनुवटीनं म्हणाली, चला.
माझं फ्रेंच बारा शब्दांचं. तिचं थांबत नव्हतं.
निम्मं कळलं, निम्मं मी लावलं :
की ती राहते आठ आणि नऊच्या मधे,
घराला आकडा नाही,
म्हणून तिच्या दाराशी लोक फक्त
पुस्तिका उलटी-सुलटी करतात.
की इथं दिराचं हातमोज्यांचं दुकान होतं.
(आता मोबाइलची कव्हरं.)
की या वळणावर ती सात वर्षांची असताना
मोहरीची गाडी उलटली
आणि गल्ली आठवडाभर शिंकत होती.
यातलं पुस्तिकेत काही नाही.

चर्चच्या कुशीत, बोळाच्या तोंडाशी, ते.
खांद्याइतक्या उंचीवर, वीतभर.
घुबड म्हणायचं म्हणून म्हणायचं,
चोच नाही, डोळे नाहीत,
चोखून उरलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा दगड.
शतकानुशतकं लोक येतात, डावा हात लावतात,
काहीतरी मागतात.
आमच्याकडचा दगड मागण्यांनी वाढत जातो,
शेंदराची पुटं चढून चढून
आतला देव किती होता कुणाला आठवत नाही.
इथला देता देता संपत आलाय.

मादामनं पिशवी भिंतीला टेकवली.
खिशातला हात उजव्या हातानं बाहेर काढला,
मनगटाला धरून,
झोपलेलं परक्याचं मूल उचलावं तसा,
आणि ठेवला दगडावर.
गेल्या हिवाळ्यात एका पहाटे
त्यानं तिचं ऐकणं सोडलं होतं.
हे तिनं सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल,
माझ्या बारा शब्दांत ते नव्हतं.
बोटं तिथं पडून होती.
तिनं जरा वेळानं त्यांना परत खिशात घातलं
आणि माझ्याकडे पाहिलं : आता तुम्ही.

मी जन्माचा डावखुरा.
आईनं फुटपट्टीनं मोडली ती सवय.
प्रसाद उजव्या, पाटी-पेन्सिल उजव्या,
जेवताना डावा मांडीखाली दाबून.
पुढे नकाशेही उजव्यानंच काढले,
अख्ख्या तालुक्याचे, आणि बरे काढले.
तर तो डावा,
बासष्ट वर्षांत कुणी पहिल्यांदा त्यालाच बोलावलं
म्हणून की काय,
वर जाताना थरथरला.

दगड गार. थोडा तेलकट.
मागायला काही सुचेना. सुचेचना.
वर घड्याळातल्या लोखंडी माणसानं
चार टोले दिले. तिनं आपलं घड्याळ पाहिलं,
दोन मिनिटं मागे सारलं.
गावाचं चुकलं तर आपणही चुकायचं,
असं काहीसं म्हणाली,
आणि लीक सुकतील म्हणून निघाली.

पुढचा बाण तिथंच, पायाशी होता.
मी खड्ड्यापाशी परत आलो.
पोरगा भाकरीसारखा जाड पाव खात होता, काठावर बसून,
डाव्या हातानं.
बादलीकडे बोट करून मी विचारलं,
हे परत नेमके कुठे बसवायचे, ठाऊक आहे?
त्यानं खांदे उडवले.
मी खिशातून मोजपट्टी काढली.