हाकेचं अंतर

जानेवारीच्या सुट्टीत बाबांकडे चार स्पीकर बसवले.
एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात,
एक जिन्याखाली, गमबुटांच्या आणि जुन्या दोरांच्या सोबतीला,
चौथा वर, जिथे आई उजाडेपर्यंत पडून असते
(आणि या फ्योर्डात जानेवारीत उजाडतं म्हणजे
अकराच्या सुमाराला, तेही नावापुरतं).

वायर एकही नाही, मी म्हटलं.
खिडकीतल्या कॉम्प्युटरमधून आवाज निघतो,
हवेतून जातो, घरभर होतो.
बाबा म्हणाले, आवाज हवेतूनच जातो, आल्दिस,
त्यात नवं काय?

पहिल्यांदा लावलं ते समुद्राचं हवामान.
ट्रॉलर विकून अकरा वर्षं झाली,
तरी त्याशिवाय त्यांच्या घशाखाली कॉफी उतरत नाही.
बैठकीतली बाई म्हणाली, वारा ईशान्येचा,
आणि स्वयंपाकघरातली तीच बाई
अर्धा सेकंद उशिरा, ईशान्येचा.
जिन्याखालची त्याहून मागे,
बूट शोधत निघाल्यासारखी.

मी ओशाळले. भिंती काँक्रीटच्या आहेत, म्हटलं,
सिग्नल अडखळतो, रात्री बघते.
ते पॅसेजमध्ये उभे, मान कलती,
एक बोट वर. गप्प बस, या अर्थाचं.

मग म्हणाले, पंच्याऐंशी मीटर.

काय?

स्वयंपाकघर. पंच्याऐंशी मीटरवर आहे.
आणि खडक आहे तिथे. बर्फाचा उतार असता
तर आवाज असा टणक परतला नसता.

धुक्यात रडार बंद पडलं की
ते भोंगा वाजवून आकडे मोजायचे, मला ठाऊक होतं.
एक सेकंद म्हणजे एकशे सत्तर मीटर, जाऊन येऊन.
हाफ्लिदी नाकाडावर उभा राहायचा, टोपी काढून,
कारण लोकर पडसाद खाते.
ठाऊक होतं, पण जेवताना ऐकलेलं,
बटाटे सोलत, अर्ध्या कानानं.

त्या दुपारी बाबांनी घर मोजलं.
दारांतून वळताना वेग कमी करत,
जिन्यापाशी डावीकडून सावकाश.
अठरा पावलांचं घर, त्याला तीन तास लागले.

रात्री मी ते दुरुस्त केलं.
नेमकी खूण सापडली, चारही ओळीत आणले,
झोपताना स्वतःवर खूश होते.

सकाळी ईशान्य एकदाच झाली. सगळीकडून.
वरून आई ओरडली, देव पावला,
हा माणूस तसाही सगळं दोनदा सांगतो.
बाबा पॅसेजमध्ये आले. बोट वर गेलं,
थोडं थांबलं, आणि पुन्हा खिशात गेलं.
ते टेबलाशी बसले, कोपर अंगाशी घेऊन,
अरुंद केबिनमध्ये बसतात तसे.
छान झालं, म्हणाले. स्वच्छ येतंय.

मी काही बोलले नाही. विमान दुपारचं होतं.

पंचविसाव्या तारखेला सूर्य डोंगरावर आला
तेव्हा गावभर पॅनकेक झाले असतील,
मी रेक्याविकला, ऑफिसात.
बाबांचा फोन. आधी सूर्याचं सांगितलं,
चार मिनिटं होता, आईच्या खुर्चीपर्यंत आला.
मग आवाज खाली आणून:
तुझी ती खूण सापडली मला.
स्वयंपाकघर होतं तिथे नेऊन ठेवलंय,
आणि वरची खोली दोन सेकंदांवर.
म्हणजे तीनशे चाळीस. मोकळं पाणी आहे मध्ये.

आई काय म्हणते?

थांब, म्हणाले, ऐक.
फोन त्यांनी हवेत धरला असावा.
वारा ईशान्येचा, वारा ईशान्येचा,
मग जिन्याखालून, मग खूप लांबून,
मी मोजत होते, नकळत, टेबलावर बोटानं,
आणि त्या सगळ्यांना ओलांडून,
कशाच्याच मागे नसलेला,
अगदी हाकेच्या अंतरावरून:
थोर्लाकुर, बंद कर ते!